धानातून तीन वाटा

कोंढा, ता. पवनी
३ सप्टेंबर २०२४, तान्हा पोळा

श्यामदादा,

गोदीचा नमस्कार. घ्यायचा तर घे, नाही तर ओट्यावर ठेव, वाळेल.

फोन तू उचलत नाहीस. वाजून वाजून थकतो बिचारा. म्हणून हा कागद. कागद मधेच कापता येत नाही, आणि "या बाईले आम्ही वळखत नाई" असं पोस्टमनला सांगायला तुझी जीभ वळायची नाही, एवढं तुला मी ओळखते.

आधी ते बोलून टाकू. चैतात रेणूच्या लग्नात मी तुला भर मांडवात थापड मारली. सत्तरीच्या मोठ्या भावाला, नवरीच्या बापाला, व्याह्यांच्या देखत. गाव अजून चघळतंय. पण दादा, मी खुर्चीवर बसून व्याहीणबाईंशी बोलत होते. चांगली रंगात आले होते. आणि तू मागून आलास आणि धानाचं पोतं उचलावं तसं मला उचललंस. "चाल, फोटो काढू." पदर कुठं, मी कुठं. मी मारलं ते चारचौघांत मारलं, असं सगळे म्हणतात. तू उचललंस तेही चारचौघांतच, हे कोणी म्हणत नाही. हात आपोआप उठला. आणि माझा हात तुला माहीत आहे. जन्मभर चपला घालून ज्याच्यावर चालले तो हात कसला, टाचच ती. लागलं असेल.

माफी मागायला लिहीत नाही. लागलं असेल, एवढंच लिहिते.

आता खरी बातमी. मला गाडी मिळाली. बॅटरीची, तीन चाकांची. भंडाऱ्याला शिबिरात नाव पुकारलं, किल्ली दिली, फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, "आजी, हात जोडा." मी म्हटलं, हात जोडले तर हँडल कोण धरील? तरी जोडायला लावलेच. गाडीला हॉर्न आहे, दिवा आहे, आरसा आहे. मागं घेताना टीं टीं बोलते. आरसा तर मला फार आवडला. पुढं जाता जाता मागचं दिसतं. तुम्हा चालणाऱ्यांना मान वळवावी लागते.

आज पोरांनी लाकडी बैलांबरोबर माझी गाडीही सजवली. हँडलला बेगड, गोंडे, झूल म्हणून सूनबाई डिंपलची जुनी ओढणी. मारुतीच्या पारापर्यंत मिरवणुकीत गेले. धाकट्याचा प्रफुल्ल म्हणाला, "आत्या, पोरायच्या सणात तू कायले?" मी म्हटलं, पोरगी असताना कोणाच्या पाठीवरून पाहिला होता हा सण. आता माझ्या चाकांवरून पाहून राहिली.

पाठ तुझीच होती, हे मी विसरले नाही. जत्रेला नेलंस, नाटकाला नेलंस, मामाच्या गावाला नेलंस. शाळेत तेवढं नेलं नाहीस. तू धानाच्या बांधीत गेलास की तुझी पुस्तकं मी वाचत बसे. म्हणून अक्षर असं वेडंवाकडं, पण माझं आहे.

बाहेर ऊन पडलं. एक चक्कर मारून येते, मग पुढं लिहीन.

आले. आता काही सुचत नाही. वैनीला नमस्कार.

गोदी


कोंढा
१९ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही. बरं.

पोस्टमन दिसला की मी हॉर्न वाजवते. तो आता आमची गल्लीच टाळतो म्हणे.

माझा जीव हल्ली एका जागी ठरत नाही. बसून बसून जन्म गेला, पण स्वस्थ बसणं काही मला आलं नाही. सकाळी चहा झाला की चाकं खुणावतात. नहरापर्यंत जाते, परत येते, पुन्हा निघते. डिंपल म्हणते, "आत्याबाई, गाडीले तरी दम खाऊ द्या."

गाडी आली म्हणजे जग आलं असं वाटलं होतं. पण गाडी दारापर्यंत नेते, दाराच्या पुढं पायऱ्या. बँक माडीवर. दवाखान्याला उतार केला आहे, तर त्याच्या तोंडाशी मोटरसायकली लावतात. रेशनच्या दुकानात माझी पिशवी वरच्या वर उचलून नेतात आणि "जा माय, तू घरी जा" म्हणतात. चांगुलपणाच तो. पण त्या रांगेत उभ्या बायकांच्या गप्पा ऐकायच्या होत्या ना मला! मदत घाईची असते रे. माणसाला बोलूच देत नाही.

चपला घेतल्या. दुकानदार नेहमीचा. त्यानं न विचारता हातात घालायच्या रबरी चपला काढल्या. म्हटलं, "या बारीले पायात घालाच्या पाहिजे." तो प्रफुल्लकडं बघून म्हणतो, "बाईले पायात कायले?" प्रफुल्ल शहाणा. म्हणाला, "मले काय विचारता? बोलते ते." मी म्हटलं, "लाल दाखव. पाय लुळे आहेत, हौस नाई." माझे पाय केवढे ते तुला माहीत आहे. मोठ्या बायकांची एकही चप्पल बसली नाही. शेवटी लहान पोरींच्या घेतल्या, लाल, वर फुलपाखरू. आता गाडीवर पाय पुढं दिसतात, तर ते उघडे का ठेवू? या चपला कधी झिजायच्या नाहीत. माझ्या मागं कोणा नातीला होतील.

एक गोष्ट लिहिणार नव्हते. प्रफुल्ल सांगेलच, म्हणून मीच लिहिते. शनिवारी बांधीत पडले. धुऱ्याच्या वाटेवर वळवायला गेले आणि गाडीसकट धानात. कमरेपर्यंत चिखल. पलीकडच्या बांधीत तो गल्लीतला श्रावण निंदत होता. धावत आला, आणि जवळ येऊन थांबला. म्हणतो, "काकू, हात देऊ, का आधी गाडी काढू?"

दादा, मी चिखलात अर्धी बुडाले होते. तरी त्यानं विचारलं.

मी म्हटलं, आधी गाडी काढ. मग त्याच्या हाताला धरून मीच वर आले. घरी येईपर्यंत हसत होते. डिंपलला वाटलं डोक्याला मार लागला.

गोदी


कोंढा
१३ ऑक्टोबर

दादा,

काल दसरा झाला. सोनं द्यायला तू आला नाहीस. मी दारात गाडी आडवी लावून दिवे लागेपर्यंत बसले होते. वाट पाहत नव्हते. हवा चांगली होती.

आता ऐक. भाऊबीजेला दरवर्षी तू जीप घेऊन यायचास, मला उचलून जीपमध्ये टाकायचास, जीपमधून ओट्यावर, ओट्यावरून पाटावर. मी ओवाळायची, जेवायची, पुन्हा पाटावरून ओट्यावर, ओट्यावरून जीपमध्ये. लाखांदूर कसं आहे ते मला आजवर ठाऊक नाही. तुझ्या खांद्यावरून दिसलं तेवढंच.

यंदा तू येणार नाहीस, हे दसऱ्यालाच कळलं. तर मी येते. माझ्या गाडीनं, एकटी.

हसू नकोस. बॅटरी एका दमात लाखांदूर गाठत नाही, हे मलाही माहीत आहे. वायरमन इश्वरला विचारलं. म्हणाला, "काकू, गाडीले मधात जेवू घाला लागन." मग आठवलं, आपल्या गावची ललिता अर्ध्या वाटेवरच्या गावी दिली आहे, तिच्या घरी पिठाची चक्की आहे. चक्की आहे म्हणजे लाईन आहे. तिला निरोप धाडला. ती म्हणाली, "ये ना माय, तुही गाडी दळू आपण!"

माझी एकच अट आहे, ती आताच लिहून ठेवते. मला उचलायचं नाही. विचारल्याबिगर बोटसुद्धा लावायचं नाही. कबूल असेल तर दार उघडं ठेव. नसेल तर मी गल्लीतच गाडीवर बसून ओवाळीन आणि परत फिरेन. पण भाऊबीज चुकवणार नाही. तुझ्यावरचा राग वेगळा, भाऊबीज वेगळी.

गोदी


कोंढा
२५ ऑक्टोबर

श्यामराव,

आज दादा म्हणवत नाही.

रेणूचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, "आत्या, बाबानं समोरचा ओटा फोडला. सिमेंट-गिट्टी आणून टाकली." मी विचारलं, कायले? "मले सांगत नाई वो. म्हणे, दिवाळीच्या आधी झालं पाहिजे."

म्हणून वैनीला फोन केला. सत्यभामावैनी म्हणाली, "बाई, मले काय विचारता, मी धुरळा गिळून राहिली. माणूस बोलत नाई, हातोडा बोलते." उंची किती करून राहिले, असं विचारलं तर म्हणाली, "मी नाई पाहिलं, माह्या तर चुलीपर्यंत गिट्टी आली."

तुझा ओटा आधीच माझ्या छातीच्या वर. त्याला अजून चढवतोस? लाद्या लावशील, चकचकीत करशील, आणि गोदी खाली गल्लीत बसलेली बरी दिसेल. माझं पत्र मिळालं आणि लगेच हातोडा घेतलास, हे मला कळत नाही असं समजू नकोस. पाय लुळे आहेत, डोकं नाही.

परवापासून जेवण गोड लागत नाही. गाडी घेऊन नहरापर्यंत गेले आणि तिथंच बसले. धान पिवळं पडलं आहे, हलकं, लवकर पिकणारं, तर कापायलाही आलं. पाहून बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं.

प्रफुल्ल म्हणतो, जाऊ नको. डिंपल म्हणते, जायचं तर ह्याच्या मोटरसायकलवर जा. मी म्हटलं, मोटरसायकलवर मला बसवणार कोण? उचलूनच ना?

ओटा आभाळाला लाव. मी येणार.

गोदावरी


कोंढा
२ नोव्हेंबर

दादा,

हे पत्र तुला माझ्यानंतर मिळेल, तरी लिहिते. हाताला चाळा पाहिजे.

उद्या निघते. पिशवी भरली. करदोडा, सुपारी, नारळ, तुला आवडतात ते अनारसे. निरांजन पदराच्या फडक्यात गुंडाळलं. हातातल्या चपला वेगळ्या ठेवल्या, पायातल्या पायातच. बॅटरी भरली, तरी सारखी बघून येते. दिवा हिरवाच आहे. पुन्हा बघते. हिरवाच.

भीती वाटते का म्हणून डिंपलनं विचारलं. नाही म्हटलं.

वाटते. रस्त्याची नाही.

गोदी


कोंढा
६ नोव्हेंबर

दादा,

घरी परत पोचले. फोनवर मी "पोचली" म्हटलं आणि तू "हव" म्हटलंस. तू फोन उचललास हेच एवढं झालं की पुढचं बोलायचं राहून गेलं. ते आता लिहिते. तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे, माझ्या बाजूचं ऐक.

सकाळी गाव मागं पडलं आणि मी गाणं म्हणायला लागले. कापणीवरच्या बाया विळे वर करून ओरडत, "कुठी चालल्या वो?" मी ओरडे, "भावाकडं!" आरशात पाहते तर दूर मागं एक मोटरसायकल. मी हळू केली की ती हळू. प्रफुल्लच. तोंडाला दुपट्टा बांधला म्हणून मी ओळखणार नाही असं त्याला वाटलं. गाडी बापाचीच चालवतो, आणि त्या गाडीचा खडखडाट मी झोपेतही ओळखीन. मी येऊ दिलं त्याला. त्यानं विचारलं नव्हतं, पण हातही लावला नव्हता.

ललितानं गाडी चक्कीच्या बोर्डाला लावली, मला चटईवर बसवलं नाही, "कुठी बसतं?" म्हणाली. मी हातांवर चालत आत गेले. चहा झाला, चिवडा झाला, आणि लाईन गेली. गेली ती गेलीच. ललिता म्हणे, "येते आता." सूर्य डोक्यावर आला. मला बसवेना. चक्कीवर दळण घेऊन आलेल्या बाया मला धीर देत होत्या. एक म्हणाली, "राहा आजच्या दिवस, उद्या ओवाळ." मी म्हटलं, भाऊबीज काय उसनवारी आहे, उद्या द्यायला? ललितानं तेवढ्यात विचारलंच, "गोदे, तू भावाले खरंच मारलं?" सगळ्या बायांचे कान इकडं. मी म्हटलं, "हव." तर त्यातली एक म्हातारी पिठाचे हात झटकत म्हणाली, "मलेही एकदा मारा लागते माह्यावाल्याले." चक्कीत असा हशा झाला! आणि तेवढ्यात लाईन आली.

त्या घाईत हातातल्या चपला चक्कीवरच विसरल्या. हे मला तुझ्या दारात कळलं.

तुझ्या गल्लीत वळले तेव्हा उन्हं कलली होती. मी ओटा शोधत होते. उंच, चकचकीत, मनात रंगवला होता तसा. ओटा नव्हताच. होता तो उतार. दारापासून गल्लीपर्यंत, लांब, हलका, गाडी हसत चढेल असा. पायऱ्या एकही नाही.

आणि त्या उतारावर, वरपासून खालपर्यंत, धान वाळत घातलेलं.

वैनीला मी नावं ठेवत नाही. नवं गुळगुळीत सिमेंट, त्यावर सरळ ऊन, आणि घरात ओलं धान. कोणत्या बाईला राहवेल? त्यात दुपार टळली, बाई काही आता येत नाहीत, असं तिला वाटलं. तिनं नंतर कपाळावर हात मारून घेतला, ते मी पाहिलं. पण तेव्हा मी खाली होते आणि समोर लक्ष्मी पसरलेली. तिच्यावर चाक घालू? माझ्या हातून ते व्हायचं नव्हतं. हॉर्न वाजवला नाही. बसून राहिले. डोळ्यात काय गेलं कोण जाणे.

एवढा राग मी कोणावर धरला होता? आणि तू तरी दोन ओळी का लिहिल्या नाहीस रे? "उतार करून राहिलो", एवढंच. सिमेंटच्या गोणीएवढं तोंड तुझं, त्यातून दोन शब्द निघत नाहीत.

मग तू दारात आलास.

तू खाली पाहिलंस, मी वर. मधे धान. तुझे हात पुढं झाले, जुन्या सवयीचे. मी पाहिलं. आणि तू ते मागं नेलेस आणि पाठीशी एकमेकांत धरून ठेवलेस, सुटले तर पळून जातील असे. वैनी आतून ओरडली, "थांबा, मी झाडू आणते!" तू म्हणालास, "राहू दे."

माझ्या गाडीच्या चाकांकडं किती वेळ पाहत होतास! मला वाटलं, काही खोट काढतोस. मग तू चपला काढल्यास. अनवाणी धानात पाय ठेवलास आणि पाय न उचलता, घासत घासत खाली आलास. आपण अंगणात धान फिरवायचो तसा. आपण म्हणजे तू. मी खाटेवरून पाहत असे. तुझ्या मागं सिमेंटची एक वाट उघडी पडत आली. खाली आलास, माझ्याकडं बघितलं नाहीस, एका बाजूनं तसाच वर गेलास. दुसरी वाट. पुन्हा खाली. तिसरी. एक पुढच्या चाकाची, दोन मागच्या. कंबर धरून उभा राहिलास तेव्हा कळलं, तुला किती त्रास झाला ते. आणि गल्लीतली पोरं, शेजारी, तो दुपट्टेवाला प्रफुल्ल, सगळे बघत उभे.

मी गाडी चालू केली. दादा, एक दाणा चिरडला नाही. एक! वर पोचून मी आरशात पाहिलं, तर तीन वाटा अजून तशाच होत्या आणि खाली तू उभा, हात पाठीशीच.

उंबऱ्याच्या आत गाडी जाईना. पिशवीत हात घातला तर चपला नाहीत. तू वर आलास. घसा खाकरलास.

"गोदे."

"काय?"

"उचलू का?"

साठ वर्षांत पहिल्यांदा विचारलंस. आणि मी काय म्हटलं? "नको." तुझं तोंड असं उतरलं की मला हसू आवरेना. दादा, ते रागाचं नको नव्हतं. तुझी कंबर गेली होती हे एक. आणि दुसरं, मला नको म्हणायची हौस होती रे. आजवर कोणी विचारलंच नव्हतं, तर नको कुठून म्हणणार?

मग पायातल्या त्या फुलपाखराच्या चपला काढून मी हातात घातल्या. तीन बोटं जेमतेम शिरली. तशी टपटप करत उंबरा ओलांडला, तर तू हसायला लागलास. भिंतीला धरून हसलास. चैतापासून पहिल्यांदा. वैनी म्हणाली, "बहीण-भाऊ दोघंही येडे झाले."

ओवाळताना तुझ्या गालाकडं पाहिलं. डाव्या. तिथं काही नव्हतं. तरी कुंकू लावताना बोट तिकडं जरा रेंगाळलं. तुला कळलं की नाही ठाऊक नाही.

येताना ललितानं चपला दिल्या, धुऊन ठेवल्या होत्या. प्रफुल्ल उघड उघड बरोबर आला, दुपट्टा काढून.

आता तुळशीचं लग्न आहे. तू ये. आमच्या दाराला उतार नाही, पण तुला काय, पाय आहेत. वैनीलाही आण. आणि इथून मला मंडईच्या जत्रेतल्या नाटकाला जायचं आहे. तिथं मांडवात गाडी शिरत नाही, मधे दोऱ्या असतात, गर्दी असते. तेव्हा तुला मला पुन्हा विचारावं लागेल, उचलू का म्हणून.

आल्यावर विचार. हो म्हणेन की नको, ते मलाही अजून माहीत नाही.

तुझी
गोदी